मुलांची कला आणि पेठेचा सण

शाळेंतील मुलांना कला शिकवावी, या गोष्टीला आज उघड विरोध कोणी करीत नाहीं. प्रश्न उरतो तो एवढाच कीं, ती कोणासाठीं शिकवावी? चित्रकलेच्या तासाला मूल एक फुलदाणी रेखाटतें, शिक्षक तिच्याखालीं गुण लिहितात, आणि तो कागद वहींत मिटून पडतो. ज्या वस्तींत तें मूल राहतें, तिच्याशीं त्या फुलदाणीचा कांहींएक संबंध नसतो. महाराष्ट्रांत एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलें बसतात. या परीक्षांनीं अनेकांचा हात वळविला, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु परीक्षकापलीकडे ज्या कलेला पाहणाराच नाहीं, ती मुलाच्या जीवनांत कितीशी रुजणार?

या प्रश्नाचें उत्तर शोधावयास नागपूरकरांना दूर जावें लागत नाहीं. पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला कीं, इतवारींत तें रस्त्यावरूनच चालत येतें. त्या दिवशीं दोन सण एकत्र येतात. एक तान्हा पोळा व दुसरा मारबत. तान्ह्या पोळ्याला मुलें आपापले लाकडी नंदी रंगवून, झुली घालून, माळांनीं सजवून आणतात आणि घरोघर जाऊन बोजारा मिळवितात. मारबतीच्या मिरवणुकींत याच्या अगदीं उलट प्रकार असतो. काळी मारबत परंपरेनें १८८१ पासून निघते. भोसले घराण्यांतील बाकाबाईंनीं इंग्रजांशीं केलेल्या संगनमताचा तो निषेध होय, असें सांगतात. जागनाथ बुधवारींतील तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासूनची. बांबू, कागद व कापड यांच्या या प्रचंड मूर्तींबरोबर बडगे निघतात. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, ज्या वर्षीं जी पीडा लोकांना जाचते तिचा बडगा होतो; आणि शेवटीं हें सारें अग्नीच्या स्वाधीन केलें जातें.

या दोन सणांत कलेचे दोन धडे सांठविलेले आहेत. नंदी हा जपून ठेवावयाचा. आजोबांचा नंदी नातवाच्या हातीं येतो आणि दरवर्षीं त्याच्यावर नवा रंग चढतो. बडगा हा जाळावयाचा. तो कोणाच्या कपाटांत मिरवावयाचा नसतो, म्हणून करणाऱ्याचें सारें लक्ष करण्यांतच राहतें. एकांत परंपरेचा सांभाळ आहे, दुसऱ्यांत अन्यायाची चीड आहे. वहींतील फुलदाणींत या दोहोंपैकीं एकही नाहीं.

जगांतील विचारवंत शिक्षकांनींही निराळ्या वाटेनें हेंच सांगितलें आहे. व्हिएन्ना शहरांत फ्रांझ चिझेक यांनीं १८९७ मध्यें मुलांसाठीं कलावर्ग काढला व नकला गिरवून घेण्याऐवजीं मुलांना स्वतःच्या मनांतलें काढूं दिलें. नागपुराहून जवळच असलेल्या वर्ध्यास १९३७ मध्यें शिक्षणपरिषद भरली आणि तेथून नई तालीमचा विचार देशभर गेला. पुढें १९४४ मध्यें शांतिनिकेतनांत शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला आले. मुलांची कला हा शिक्षणाचा अलंकार नसून पाया आहे, या श्रद्धेनें त्यांनीं तेथें अनेक वर्षें काम केलें.

मात्र पेठेंतील ही जिवंत शाळा आतां मुलांच्या हातून निसटूं पाहत आहे. सजविलेला नंदी बाजारांत तयार मिळतो. मग कोणाचा मोठा व कोणाचा महाग, एवढीच स्पर्धा उरते. बडगे मोठीं माणसें करतात आणि शाळकरी मूल रस्त्याच्या कडेला उभें राहून तमाशा पाहतें. ज्या दिवशीं हात थांबतात, त्या दिवशीं सणाचें नुसतें प्रदर्शन होतें.

यावर उपाय अवघड नाहीं. पोळ्यापूर्वीं महिनाभर शाळेनें चित्रकलेचे तास या कामास द्यावे. मुलांनीं प्रथम आपल्या गल्लींत फिरून, वडीलधाऱ्यांना विचारून, तेथील खरी पीडा कोणती तें ठरवावें: तुंबलेलें गटार, प्लास्टिकचा कचरा, कीं रात्रभर चालणारा कर्णा? इतवारीच्या धान्याच्या व किराण्याच्या दुकानांतून पोतीं, पुठ्ठे, सुतळी हें सामान सहज मिळेल. बांबूचा सांगाडा कसा बांधावा, हें शिकवावयास बडगे करणाऱ्या जाणत्या कारागिरालाच शाळेंत बोलवावें व त्याला गुरूचा मान द्यावा.

दोन पथ्यें मात्र कटाक्षानें पाळावींत. बडगा दुर्गुणाचा असावा, व्यक्तीचा किंवा जातीचा नसावा. चीड आणि चेष्टा यांतील भेद मुलाला येथेंच कळतो. दुसरें असें कीं, प्लास्टिकची पीडा दाखवितांना प्लास्टिकच जाळूं नये, आणि अग्नि मोठ्यांच्याच हातीं असावा.

यानें अभ्यास बुडेल, अशी शंका पालकांना येईल. परंतु सांगाडा तोलून उभा करण्यांत भूमिति आहे, पीडेचें कारण शोधण्यांत नागरिकशास्त्र आहे, आणि ती चार लोकांना समजेल अशी मांडण्यांत भाषा आहे. गटाराचा बडगा ज्या मुलानें आपल्या हातानें केला, तें मूल दुसऱ्या दिवशीं त्याच गटारांत कचरा टाकतांना एक क्षण तरी थबकेल. परीक्षेच्या गुणपत्रिकेंत या थबकण्याची नोंद होत नाहीं. पेठेंत मात्र ती झाल्यावांचून राहणार नाहीं.