घर मोडताना बाईच्या हाती काय उरतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचं शब्दांकन)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "ताई, जुनी भांडी विकण्यावर काय शिबिर घ्यायचं?" शंका रास्त आहे. मारहाण, हुंडा, टाकलेल्या बायका यांच्यापुढे हा विषय किरकोळ वाटतो. पण समुपदेशनाला बसलेली बाई तिसऱ्या-चौथ्या वाक्याला सामानावर येते. "माझी भांडी तिकडेच राहिली." "माझं कपाट मला न विचारता विकलं." छापील अर्जात या तक्रारीला रकानाच नसतो. म्हणून आज तिच्याबद्दल बोलू.

आपल्या खानदेशात घर हलवणं नवीन नाही. जळगावची खानदेश मिल बंद पडली, धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद पडली. कामगारांची कुटुंबं पांगली. अमळनेर-नंदुरबारवरून जाणारी गाडी सुरतेला पोचते, आणि त्या गाडीनं किती घरं उधना-लिंबायतला गेली ते आपल्याला माहीत आहे. भुसावळला रेल्वेची बदली येते. मुलगा पुण्याला नोकरीला लागतो आणि आईवडिलांना बोलावून घेतो. कारण कुठलंही असो, जुनं घर मोठं असतं आणि नवी खोली लहान. सामान कमी करावंच लागतं.

हे सामान कमी करण्याचं काम कोण करतं? माळ्यावरून भांडी बाई उतरवते. चिंच-राखेनं घासून ठेवते, म्हणजे भाव बरा येईल. गिऱ्हाईक आलं की चहा तीच करते. "एवढ्याला नाही परवडत हो" हे दहा वेळा तीच ऐकते. पलंग बघायला आलेले शेजारी गादी फुकट मागतात. उद्या पैसे देतो म्हणून मिक्सर नेणारा निघायच्या दिवसापर्यंत फिरकत नाही. लाकडी कपाटाला गिऱ्हाईक मिळालं, तर उचलून न्यायचे हमालीचे पैसे तुम्हीच द्या म्हणतो. सगळ्यांना ठाऊक असतं की या घराला तारीख लागली आहे. जितकी तारीख जवळ, तितका भाव खाली.

मोड घेणाऱ्याचा हिशेब तर वेगळाच असतो. पितळेच्या बादलीची लोखंडी कडी तो आधी बाजूला काढतो. कल्हईची, मातीची, काजळीची म्हणून घट धरतो. स्टीलला भाव नाहीच म्हणतो. जळगावला आमच्या गटातल्या एका बाईनं भांडी त्याच्या हातकाट्यावर मोजू दिली, मग तीच भांडी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर मोजली. तीन किलोंचा फरक निघाला. काटा बदलला म्हणून तिला तेवढे पैसे जास्त मिळाले. ज्या बाईला असा दुसरा काटा मिळत नाही, तिचं काय?

भावाचा त्रास सगळ्यांनाच होतो, पुरुषांनाही होतो. पण बाईच्या वाट्याला त्यावर आणखी एक गोष्ट येते. घंगाळ तिनं वीस वर्षं घासलेलं असतं. ज्या खापरावर तिनं मांडे भाजले, त्याला तर कुणी दोन रुपयेही देत नाही. जातं, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ दारातच सोडून जावं लागतं. तिचे कष्ट ज्यात मुरलेत, ते सामान बाजारात धातूच्या वजनावर जातं. आणि शेवटी पैसे मोजून घ्यायला हात कुणाचा पुढे येतो? भांडी तिनं उतरवली, घासली, विकली. नोटा त्यानं खिशात घातल्या. हा रिवाज इतका अंगवळणी पडला आहे की आपल्याला तो दिसतही नाही.

धुळे शहरातल्या एका बाईची गोष्ट सांगते. नवऱ्याला सुरतेत काम मिळालं. आखाजीला ती माहेरी गेली होती. परत आली तर घर अर्धं रिकामं. लग्नातले दोन हंडे, घंगाळ, परात, कळश्या, आईनं दिलेली कोठी, सगळं मोडीत गेलेलं. खोलीच्या डिपॉझिटला पैसे लागत होते, हे खरं होतं. ती म्हणाली, "हाऊ हंडा मन्ही मायनी दिन्हा. माझ्या माघारी कसा विकला?" घरच्यांना वाटलं, बाई भांड्यासाठी कुरकुर करते. पुढे दीड वर्षानं तिला मारहाण करून घराबाहेर काढलं. ती सामान मागायला आमच्याकडे आली, तेव्हा नवऱ्यानं सांगितलं, "सामान काही नव्हतंच."

आता इथे नीट लक्ष द्या. लग्नात भांडी घेतली की दुकानातच मशीननं नाव घालून घेतात. अमक्या मामाकडून, तमक्या काकूकडून, चि. सौ. कां. अमकीस सप्रेम भेट. बहुतेक बायकांजवळ आपल्या मालकीचा तेवढाच लेखी पुरावा असतो. तिच्या आईजवळ पावत्या नव्हत्या, यादी नव्हती. होती ती हंड्याच्या काठावरची नावं. मोडवाल्याच्या भट्टीत हंड्याबरोबर नावंही वितळली. त्या दिवशी भांडी गेली आणि पुरावाही गेला.

कायदा काय म्हणतो? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पाहा. कर्जापोटी कोर्टाचा बेलीफ जप्तीला आला तरी त्याला कर्जदाराचे आणि बायकोमुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण उचलता येत नाही. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईनं अंगावरून उतरवू नयेत असे दागिनेही नेता येत नाहीत. म्हणजे इंग्रजी अमलातल्या कायद्यानंही मानलं की चूल मोडू नये. बेलीफाला जे जमत नाही, ते घरातला माणूस एका दुपारी करतो.

हिंदू स्त्रीचं स्त्रीधन ही तिची स्वतःची मालमत्ता आहे. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट सांगितलं की सासरी राहायला गेली म्हणून तिचं स्त्रीधन सामाईक होत नाही. ते सासरच्यांकडे विश्वासानं ठेवलेलं असतं. परत द्यायला नकार देणं किंवा परस्पर विकणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. पूर्वी यासाठी भारतीय दंड संहितेचं कलम ४०६ लावत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आहे. एप्रिल २०२४ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं, की अडचणीत नवऱ्यानं स्त्रीधन वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्या बाईला २५ लाख रुपये द्यायचा आदेश झाला.

आपल्या मुस्लिम मैत्रिणींसाठी १९८६ च्या कायद्याचं कलम ३ आहे. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर नातेवाइकांनी, मैत्रिणींनी, नवऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी दिलेल्या सगळ्या वस्तूंवर घटस्फोटित बाईचा हक्क आहे.

आणि सर्वांत उपयोगी, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे आणि कुठल्याही धर्माच्या बाईला वापरता येतो. त्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. बाईचा हक्क किंवा हितसंबंध असलेल्या घरातल्या चीजवस्तूंची आणि तिच्या स्त्रीधनाची विल्हेवाट लावणं हा त्या व्याख्येत छळ म्हणूनच लिहिला आहे. कलम १८ खाली विक्री थांबवायचा आदेश मागता येतो, कलम १९ खाली स्त्रीधन परत मिळवता येतं. म्हणजे भांड्यांची तक्रार किरकोळ नाही, हे संसदेनं मान्य केलेलं आहे. फक्त आपल्या घरांनी मानायचं बाकी आहे.

काही जणी म्हणतील, संसार दोघांचा, त्यात तुझं-माझं कशाला? मी म्हणते, दोघांचा आहे ना, मग विकताना दोघांना विचारा. पैसे दोघांत मोजा. अडचणीला भांडी विकावी लागतात, गरीब घरात तर नेहमीच लागतात. मुलाच्या आजारपणाला बाई स्वतः हंडा काढून देते. तिनं ठरवून देणं वेगळं आणि तिच्या माघारी उचलणं वेगळं. "तिची संमती होती" असं कुणी म्हणालं तर आपण एवढंच विचारायचं: तिला नाही म्हणता आलं असतं का?

घर हलतं तेव्हा ज्याचं नाव कागदावर, त्याचाच हिशेब होतो. नर्मदा तंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला गेला. सज्ञान मुलीला तसा हक्क दिला नाही. अक्राणी-अक्कलकुव्यातली जी गावं सरदार सरोवरात गेली, ती तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलीच. दुसरी बाजूही आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर अठरा वर्षांवरची घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख केली. कागदावर नाव लागलं की दुकानदारही तिला विचारतो. सामानाचंही तसंच आहे.

म्हणून काही कामं सांगते. आपापल्या गटात एवढी करा.

पहिलं, यादी. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची यादी ठेवायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं आणि वधूवरांच्या सह्या. अशी यादी केली म्हणून हुंडा कायदेशीर होत नाही, हे प्रत्येक लग्नघरी स्पष्ट सांगा. जुन्या संसाराचीही यादी आता करता येते. भांड्यांवरच्या नावांचे फोटो काढा आणि एक प्रत माहेरी किंवा गटाकडे ठेवा.

दुसरं, विक्री एकटीनं करू नका. दोघी-तिघी मिळून करा. घेणारे दोन बोलवा, वजन दुसऱ्या काट्यावर पडताळा. सोनं मोडायचं असेल तर सराफाची पावती आपल्या नावानं मागा. पैसे स्वतः मोजून घ्या आणि जमलं तर आपल्या खात्यात भरा. गॅसचं सिलिंडर विकायचं नसतं, ते एजन्सीला परत करायचं असतं. जोडणी ज्याच्या नावावर, अनामत त्याला परत मिळते, हे आधी बघून ठेवा.

तिसरं, काय विकायचं नाही ते आधी ठरवा. स्वयंपाकाला लागणारी भांडी आणि स्वतःची कागदपत्रं एका वेगळ्या पेटीत. ती पेटी सगळ्यात शेवटी भरायची आणि बाईच्या हातात राहील असं बघायचं.

चौथं, परस्पर विक्री चालू आहे असं कळलं तर वाट पाहू नका. संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आता चहाच्या आधी एक काम. प्रत्येकीनं वहीचं एक पान घ्या. माहेरून काय आणलं, स्वतःच्या कमाईतून काय घेतलं आणि आज त्यातलं घरात काय आहे, हे तीन रकान्यांत लिहा. लिहिता येत नसेल तर शेजारणीला सांगा, ती लिहील. दुपारच्या सत्रात याच पानांवर बोलू.