शेजारच्याची पाटी



ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणीत जन्मलेले आणि गोरखीच्या शाळेत शिकलेले अटलबिहारी वाजपेयी लहानपणची एक फजिती स्वतःच सांगत. वडील कृष्णबिहारी बडनगरला हेडमास्तर होते. तिथल्या शाळेच्या वार्षिक समारंभात पाचवीतला अटल पहिल्यांदा भाषणाला उभा राहिला. भाषण घोकलेलं होतं, मध्येच ते आठवेना आणि पोरांनी ‘पाठ करून आलाय’ म्हणत हुर्यो उडवली. पाठ केलेलं भाषण पुन्हा करायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं.

शब्द मुलाचे स्वतःचे नाहीत, हे त्या पोरांना लगेच कळलं. लहान मुलांची पारख अशी कडक असते.

मग याच वयात शेजारच्या वहीत डोकावायची सवय लागते कशी? राजकोटच्या आल्फ्रेड हायस्कूलमध्ये पहिल्याच वर्षी मोहनदास गांधींच्या वर्गावर जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. मोहनदासचा ‘केटल’ चुकला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजारच्याची पाटी बघ. मास्तर उभे आहेत ते कुणी नक्कल करू नये म्हणून, असं समजणाऱ्या मुलाला ती खूण उमगलीच नाही. बाकी साऱ्यांचे शब्द बरोबर आले आणि मूर्ख ठरला तो एकटा. गांधींनी आत्मकथेत हे लिहून ठेवलं आहे. नक्कल सुचवणारे तिथे मास्तरच होते.

अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांच्या चाचण्या घेऊन 1928 साली निष्कर्ष मांडला, की एका परीक्षेत नक्कल करणारं मूल दुसरीकडे सचोटीने वागू शकतं. फरक पडतो तो प्रसंगामुळे आणि सोबत्यांमुळे.

2014 साली प्रसिद्ध झालेला संशोधक कांग ली आणि सहकाऱ्यांचा प्रयोग तर पालकांनी ऐकावाच. तीन ते सात वर्षांच्या मुलांना बजावलं होतं, मागे ठेवलेलं खेळणं वळून बघायचं नाही. अनेकांनी पाहिलंच. नंतर त्यांना गोष्टी सांगितल्या. खोटं बोलल्याची शिक्षा दाखवणाऱ्या ‘लांडगा आला रे आला’चा काही उपयोग झाला नाही. झाड तोडल्याचं कबूल करून वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र खरं बोलण्याकडे अधिक वळली. तीच गोष्ट खोटेपणा आणि त्याचे वाईट परिणाम दाखवून संपवली, तेव्हा हा परिणाम दिसला नाही.

शाबासकी अशी धाकापेक्षा उपयोगी ठरते, आपल्याकडे मात्र धाकच वाढला. शिक्षणहक्क कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीने पाचवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली आणि मध्य प्रदेशाने ती वापरली. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर परीक्षेची धास्ती आली, घरोघरी नंबरांची तुलनाही चालूच आहे. म्हणून ग्वाल्हेरमधल्या लष्कर, मुरारच्या शाळांना एक कळकळीची विनंती. खोडाखोड झालेली, उत्तर चुकलेलं, पण रीत स्वतःची आहे, अशा गणिताला थोडे तरी गुण द्यावेत. ‘बाई, हे मी बघून लिहिलं’ असं सांगणाऱ्या मुलाला वर्गासमोर उभं न करता तेच गणित पुन्हा सोडवायला द्यावं आणि अडेल तिथे बाईंनी शेजारी बसून समजावावं.