तलवार, ताल आणि तंजावर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावर राजवाड्याच्या परिसरात दिलेले भाषण)



आपल्या घरांतील तरुण मंडळी ‘सामुराई चाम्प्लू’ नावाची एक जपानी चित्रमालिका आवडीने पाहतात, हे काहींच्या कानांवर आले असेल. शिनिचिरो वातानाबे यांनी दिग्दर्शित केलेली ही २६ भागांची मालिका २००४-०५ साली निघाली. कथा एदो काळातील, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यानच्या जपानातील. दोन भटके तलवारबहाद्दर आणि एक मुलगी, सूर्यफुलांचा गंध येणाऱ्या एका सामुराईच्या शोधात देशभर पायपीट करतात. या सर्व प्रवासात पार्श्वसंगीत वाजते ते मात्र हिपहॉप! १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील गरीब वस्त्यांत, जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडून तरुणांनी जो ताल उभा केला, तोच हा ताल.

वडीलधारी माणसे विचारतात, तलवारीच्या त्या काळाला हे संगीत शोभते तरी कसे? मला वाटते, या प्रश्नाचा विचार करायला ह्या राजवाड्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

ही वास्तू मूळची नायकांची. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे भोसले येथे आले आणि मराठ्यांनी ती वाढविली. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केले. ते स्वतः नाटककार होते. त्यांनी मराठीत लिहिले, तेलुगूतही लिहिले. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर नावाप्रमाणे पाच भाषा एकाच रंगभूमीवर नांदतात. महाराष्ट्रातून आलेल्या लढवय्यांच्या घरात, तमिळ देशी, तेलुगू नाटके! त्या काळी कोणी तरी ‘हे शोभते का?’ असे म्हटलेच असेल.

पुढे सरफोजीराजे आले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला; राजांकडे किल्ला आणि थोडा परिसर एवढेच उरले. लढाईचे दिवस संपले होते. अशा वेळी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी मराठीत, बृहदीश्वराच्या मंदिरात शिळेवर कोरविला. सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले. पाश्चात्त्य वाद्यवृंद ठेवला, आणि नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. त्यांच्याच दरबारी ज्यांना आश्रय मिळाला, त्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी आजच्या भरतनाट्यम्‌च्या प्रयोगक्रमाची घडी बसविली. यांतील वडिवेलू व्हायोलिन वाजवीत. साहेबाचे ते वाद्य आज कर्नाटक संगीताच्या मैफलीत इतके रुळले आहे की, त्याला परके म्हणणाराच परका ठरेल.

आणि आपले कीर्तन? महाराष्ट्रातील कीर्तनकार येथे आले. त्यांची कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आणि चाली कावेरीच्या काठी तमिळ कथेत जाऊन बसल्या. तेथे त्या पाहुण्या म्हणून राहिल्या नाहीत, घरच्या झाल्या.

आता त्या मालिकेकडे पुन्हा पाहू. तिच्यातील दोन नायकांपैकी जिन हा शिस्तीत शिकलेला, पारंपरिक पवित्र्याने लढणारा. मुगेन हा र्‍यूक्यू बेटांवरचा, कोणत्याही गुरूची पद्धत न मानणारा, लढताना जणू नाचणारा. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, याचा निकाल अखेरपर्यंत लागत नाही. दोघांनाही धनी नाही. शांततेच्या काळात ज्यांच्या तलवारीला काम उरले नाही, अशी ही माणसे. ज्यांना घर मागे टाकावे लागले, ज्यांचे जुने मोठेपण नव्या जगात कोणी विचारीत नाही, त्यांचे दुःख ब्राँक्सच्या तालात सहज बसते. तरुणांना जे भावते ते हेच असावे. ‘चाम्प्लू’ हा शब्दही ओकिनावाच्या ‘चाम्पुरू’वरून आला, कारले, टोफू, अंडे असे हाताशी असेल ते एकत्र परतून केलेल्या पदार्थाचे ते नाव. तलवारी आणि रक्तपात मालिकेत पुष्कळ आहे, तेव्हा ती लहानांपुढे ठेवू नये, हे मात्र मुद्दाम सांगतो.

परंतु येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मिसळण रुचकर होते ती प्रत्येक जिन्नस अस्सल असला तरच. वडिवेलूंनी व्हायोलिन हाती घेतले तेव्हा त्यांच्या रक्तात कर्नाटक संगीत भिनलेले होते. शहाजीराजांनी तेलुगूत लिहिले, पण मराठी सोडून नव्हे. त्या मालिकेचे संगीत करणारे नुजाबेस, जे २०१० साली निवर्तले, तेही जुन्या जाझचे जाणकार होते. अर्धवट शिकलेल्या दोन गोष्टी एकत्र केल्याने तिसरी पूर्ण गोष्ट जन्मत नाही.

आपल्यापुढील खरा प्रश्न हा आहे. आपली मुले घरी जी मराठी बोलतात तिच्यात तमिळ येते, इंग्रजी येते. त्यासाठी त्यांना रागावले, तर ती बोलणेच सोडतील. पण ओवी, अभंग, मोडीतले दोन शब्द त्यांच्या कानी न घालता ‘मराठी टिकवा’ म्हटले, तर टिकवायचे काय, हे त्यांना कळणार नाही. म्हणून मंडळाला माझी सूचना आहे: येत्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ तरुणांना द्यावी. त्यांनी वडीलधाऱ्यांकडून एक अभंग जुन्या चालीवर पाठ करावा, आणि मग आपल्या तालावर तो म्हणून दाखवावा. आपण पुढच्या रांगेत बसून ऐकावे. पटले नाही तरी उठून जाऊ नये.

या दरबाराने ज्या खुल्या मनाने व्हायोलिन ऐकले, तितक्याच खुल्या मनाने आपण आपल्या मुलांना ऐकावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.