तेजाबाला पर्याय : मिठाचा द्रव

(गणेशोत्सवात वरुणा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानासाठी विषय कोणता, असे कार्यकर्त्यांनी विचारले तेव्हा मी म्हटले, "गलाई." ते हसले. कारण समोर बसलेल्यांपैकी कित्येकांचे मूळ घर खानापूर, आटपाडी, विटा या भागात आहे. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेल्या माणसांनी देशभर सोने-चांदी शुद्ध करण्याचा धंदा उभा केला. मूस, टाकणखार, तेजाब, टंच हे शब्द तुम्ही माझ्याआधी शिकलात. तेव्हा गलाई कशी करावी हे मी सांगणार नाही. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून, तेजाबाऐवजी दुसरे काही असू शकते का, एवढेच सांगणार आहे.

प्रथम आपली नेहमीची रीत पाहू. मोडीच्या सोन्यात चांदी मिसळून सोन्याचा वाटा साधारण चौथाईवर आणायचा आणि तेजाबात टाकायचे. चांदी-तांबे विरघळते, सोने तळाशी राहते. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत मिळते. उरते ते निळे पाणी आणि हवेत गेलेला तांबूस धूर.

हा धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो फसवा आहे. श्वासात गेल्यावर थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरते. गावाकडून नुकताच आलेला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा भट्टीजवळ बसतो, तो हाच धूर घेतो. आणि निळे पाणी? त्यात तांबे आहे, आम्ल आहे. ते गटारात गेले की पुढे तलावात जाते. आपण आज ज्या गावात बसलो आहोत त्याला जलदेवतेचे नाव आहे आणि जवळच मोठा तलाव आहे, हे वेगळे सांगायला नको.

धातू काढून घेतल्यावर मागे काय उरते, याचे उदाहरण याच राज्यात आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, पण सायनाइडने सोने काढून उरलेल्या मातीचे ढिगारे तिथे टेकड्यांसारखे उभे राहिले.

आता मूळ प्रश्न. धातू विरघळतो म्हणजे नेमके काय होते? त्याला दोन मदतनीस लागतात. एक, धातूकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेणारा. दुसरा, सुटलेल्या धातूला धरून ठेवणारा, नाहीतर तो परत जागेवर बसतो. आम्लराजात नायट्रिक आम्ल हिसकावते आणि मिठाच्या आम्लातले क्लोराइड धरून ठेवते. म्हणून एकट्याला न जमणारे सोने दोघे मिळून विरघळवतात. मग हीच दोन कामे आम्लाशिवाय, पाण्याशिवाय करता येतील का?

येथे आयनिक द्रव येतो. साध्या भाषेत, वितळलेले मीठ. आपले जेवणातले मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, पण काही मिठांचे कण इतके बेढब असतात की ते नीट रचून बसतच नाहीत आणि साध्या तापमानालाही द्रव राहतात. १९१४ मध्ये पॉल वाल्डेन यांनी १२ अंशांच्या आसपास वितळणारे असे मीठ नोंदवले होते.

असे द्रव बहुधा महाग असतात. स्वस्त वाट इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या अँड्र्यू अ‍ॅबट यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवली. कोलीन क्लोराइड, म्हणजे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते, आणि युरिया, म्हणजे शेतातले खत! १४० ग्रॅम कोलीन क्लोराइड आणि १२० ग्रॅम युरिया एकत्र गरम केले की पातळ होते. एकटा युरिया १३३ अंशांना वितळतो, पण हे मिश्रण सुमारे १२ अंशांपर्यंत द्रव राहते. त्यात क्लोराइड भरपूर, म्हणजे धरून ठेवणारा तयारच आहे. हिसकावण्यासाठी थोडे आयोडीन घातले की अशा द्रवात सोने विरघळते, आणि वीज सोडून ते परत काढता येते. तेजाबाचा तांबूस धूर मुळात होतच नाही.

मुलामा देणाऱ्यांसाठीही यात काही आहे. चांदीच्या पाण्यात मीठ टाकले की दह्यासारखा पांढरा साका बसतो, तो तुम्ही पाहिला आहे. ते सिल्व्हर क्लोराइड पाण्यात विरघळत नाही, पण कोलीन क्लोराइड आणि इथिलीन ग्लायकॉलच्या द्रवात विरघळते. त्यात तांबे बुडवले की सायनाइडशिवाय चांदीचा थर चढतो. ॲल्युमिनियमचा थर तर पाण्यातून चढतच नाही, कारण आधी हायड्रोजन सुटतो. त्यालाही असाच निर्जल द्रव लागतो.

मग उद्याच तेजाब फेकून द्यावे का? नाही. हा युरियाचा द्रव मधासारखा घट्ट असतो, म्हणून काम हळू चालते आणि तो गरम ठेवावा लागतो. फार तापवला तर युरियातून अमोनिया सुटतो. हवेतले पाणी तो शोषून घेतो. आयोडीनची वाफ त्रासदायक आणि इथिलीन ग्लायकॉल पोटात गेले तर विषारी. 'हरित' म्हणजे निर्धोक नव्हे. आपल्या पेढीवर रोज येणाऱ्या मोडीसाठी तेजाबाइतकी झटपट आणि स्वस्त रीत यातून अजून मिळालेली नाही. म्हणून घरी प्रयोग करू नका.

पण तोवर करण्यासारखे बरेच आहे. भट्टीचा धूर पंख्याने नुसता गल्लीत सोडू नका, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धुऊन सोडा. निळे पाणी गटारात न ओतता चुन्याने त्यातले आम्ल मारा. तांबे साक्याच्या रूपाने खाली बसते, तो साका परवानाधारकाकडे द्या. धूर छातीत गेला असेल तर 'आता बरे वाटते' म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कोणता धूर होता तेही सांगा.

आणि एक मागणे. आपली मुले शिकत आहेत. तामिळनाडूत कारैकुडी येथे १९५३ पासून विद्युत-रसायनशास्त्राची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. गलाईवाल्याच्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी तिथपर्यंत पोहोचली, तर तिला कस, टंच, साका हे पुस्तकातून शिकावे लागणार नाही. तेजाबाला खरा पर्याय शोधायला प्रयोगशाळेइतकीच पेढीची जाण लागते, आणि ती आपल्याकडे आहे. आजोबांनी दुष्काळातून वाट काढली, नातवंडांनी धुरातून काढावी.