समुद्रांतील पवनचक्क्या आणि आपला हक्क

(ठाणें, कल्याण व डोंबिवली भागांतील शेतकरी, कोळी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही ज्या विषयावर बोलण्यास उभे आहों, तो ऐकून कित्येकांस वाटेल कीं, भर समुद्रांतल्या वाऱ्याशीं आम्हां नांगर धरणारांचा आणि लोहार-सुतारांचा काय संबंध? संबंध आहे. वीज आपल्या घरीं जळते, भिवंडीचे माग तिच्यावर चालतात, कल्याणची गाडी तिच्यावर धांवते. ती कोठून येते आणि तिच्यापायीं कोणाची भाकर जाते, हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या पदरीं फक्त बिल येतें.

प्रथम ही चक्की समजून घेऊं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्यांतील बळ आठपट होतें. समुद्रावर डोंगर नाहीं, झाड नाहीं, घर नाहीं. म्हणून तेथें वारा मोकळा व एकसारखा वाहतो. एवढ्यासाठींच इतका खर्च करून समुद्राच्या तळांत लोखंडी खांब ठोकतात आणि त्यावर चक्की बसवितात. मोठ्या चक्कीचें एक पातें आतां शंभर मीटरांच्या घरांत गेलें आहे. तयार झालेली वीज तळाशीं पुरलेल्या तारेनें किनाऱ्यास आणतात. शिवाय आपल्याकडे वारा जोरानें सुटतो तो आषाढ-श्रावणांत, म्हणजे ढगांमुळें सूर्याची वीज कमी पडते तेव्हांच. हा गुण थोडा नव्हे.

पवनचक्की आपणांस नवी नाहीं. 1986 सालीं रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लहान चक्क्या उभ्या राहिल्या. पुढें साताऱ्याकडील वनकुसवड्याचें पठार त्यांनीं भरून गेलें. समुद्रांतील पहिला कारखाना मात्र डेन्मार्कनें विंडेबी येथें 1991 सालीं 11 चक्क्यांचा उभारला. तो 2017 सालीं काढून टाकला. म्हणजे चक्कीस पंचवीसेक वर्षांचें आयुष्य असतें, आणि ती काढण्याचाही खर्च असतो, हें ध्यानांत ठेवा.

आपल्या देशांत 2015 सालीं याचें धोरण ठरलें. 2023 सालीं समुद्रतळ भाडेपट्ट्यानें देण्याचे नियम झाले. जून 2024 मध्यें मध्यवर्ती सरकारनें 7453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तींत गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रांत प्रत्येकीं 500 मेगावॉटच्या चक्क्या उभ्या करावयाच्या. ही वीज महाग पडते, म्हणूनच सरकारास हा पैसा घालावा लागतो. आणि सरकारचा पैसा म्हणजे तुमचा-आमचा पैसा. आजपर्यंत भारताच्या समुद्रांत अशी एकही चक्की फिरूं लागलेली नाहीं, आणि महाराष्ट्राचा समुद्र या पहिल्या हप्त्यांत नाहीं. मग आजच बोलण्याचें कारण काय? कारण हेंच कीं, पट्टा झाल्यावर बोलणें म्हणजे वरातीमागून घोडें.

शेतकऱ्याच्या जमिनीस सातबारा असतो. समुद्रास सातबारा कोठें आहे? 2014 पर्यंत आपल्याच ठाणें जिल्ह्यांत असलेल्या सातपाटी, डहाणू, अर्नाळा व वसईचे कोळी समुद्रांत खांब ठोकून डोलजाळें लावतात. त्या जागेस ते कव म्हणतात. कोणाची कव कोठें, हें पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीनें चालत आलें आहे. पण कचेरींतल्या नकाशावर तेथें नुसतें निळें पाणी दिसतें. निळें पाणी पट्ट्यानें देतांना कोणाचा हात कांपणार?

मुळशी आठवा. 1921 सालीं टाटांच्या वीजधरणाविरुद्ध मावळ्यांनीं सत्याग्रह केला. सेनापति बापट त्यांचे पुढारी होते. जमीन कसणाऱ्यास जमीन हवी होती. जमिनीचा कागद ज्या सावकाराच्या पेटींत होता, त्याचें लक्ष मोबदल्याकडे होतें. धरण झालें, मुंबईस वीज गेली, आणि मावळा उघड्यावर पडला. ज्याच्याजवळ कागद, त्याचा मोबदला. ज्याचा घाम, त्याला कांहीं नाहीं! समुद्रावर हेंच पुन्हां घडूं द्यावयाचें काय?

आमचा वाऱ्यास विरोध नाहीं. कोळशाच्या धुरापेक्षां वारा शतपट बरा. पण आमचें म्हणणें स्पष्ट आहे. जागा ठरविण्यापूर्वीं कोळ्यांस विचारा. मोबदला एकट्या बोटमालकास देऊं नका. खलाशी, जाळें विणणारा आणि पाटी घेऊन बाजारांत बसणारी बाई यांचीही मजुरी धरा. चक्की काढून समुद्र मोकळा करण्याचा पैसा आधींच ठेवून घ्या. आणि किनाऱ्याच्या लोकांस भागीदारी द्या. हें स्वप्न नव्हे. कोपनहेगनजवळ मिडलग्रुंडेन येथें 2000 सालीं 20 चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या 10 चक्क्या आठ हजारांहून अधिक सामान्य भागीदारांच्या सहकारी मंडळीनें घेतल्या. साखर कारखाने काढणाऱ्या महाराष्ट्रास सहकार का शिकवावा लागतो?

आतां तुमचें काम. प्रत्येक मच्छीमार सोसायटीनें आपल्या कवींचा नकाशा काढावा. कोणत्या महिन्यांत, कोणतें जाळें, किती माणसें, हें वहींत लिहून सह्या घ्याव्या व ग्रामसभेंत ठराव करून ठेवावा. तोच आपला सातबारा. ठाण्या-कल्याणच्या लोहार, सुतार, वीजकाम करणाऱ्यांनीं आपलीं मुलें-मुली ही विद्या शिकण्यास घालावीं. नाहींतर खांब आपल्या समुद्रांत आणि मजुरी परक्याच्या घरांत, असें होईल.

वारा कोणाच्या बापाचा नाहीं; म्हणूनच तो सर्वांचा आहे. पण जो लिहून ठेवीत नाहीं व एकजुटीनें मागत नाहीं, त्याच्या वांट्यास नुसती हवा येते. इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.