शब्द न शब्द कळतो म्हणून: कियोशिरो इमावानोची गाणी

जपानी रॉकमधल्या बंडखोरांची गोष्ट सांगायला बसलेला माणूस बहुधा बंदी आलेल्या गाण्यांपासून सुरुवात करतो. कियोशिरो इमावानोच्या बाबतीत तर हा मोह आवरतच नाही, इतक्या नाट्यमय बंद्या त्याच्या वाट्याला आल्या. पण त्याची ओळख करून घ्यायची तर आधी १९७२चं एक साधं गाणं ऐकावं. ‘बोकु नो सुकि ना सेन्सेइ’, म्हणजे ‘माझे आवडते सर’. शिक्षकांच्या खोलीत न रमणारे, चित्रकलेच्या वर्गात एकटेच सिगारेट ओढत बसणारे एक सर, एवढाच विषय. ना घोषणा, ना आरडाओरडा. शाळेत न रुळलेल्या मुलाला आपल्यासारखाच न रुळलेला एक मोठा माणूस सापडतो, आणि गाणं त्याच्याकडे मायेनं बघतं. तोक्योच्या पश्चिमेला हिनो इथल्या हायस्कूलमधले खरे शिक्षक या गाण्यामागे आहेत.

कियोशिरोचा जन्म २ एप्रिल १९५१चा. त्याचं खरं नाव कियोशी कुरिहारा. ‘आरसी सक्सेशन’ हा त्याचा बँड १९६८मध्ये, शाळकरी वयातच उभा राहिला आणि १९७०मध्ये त्यांची पहिली तबकडी आली. तिचं नाव ‘लॉटरीचं तिकीट घेणार नाही’ अशा अर्थाचं. तेव्हा बँडमधले तिघं साधी अकूस्टिक वाद्यं घेऊन गात.

त्याच सुमारास तोक्योच्या संगीतवर्तुळात एक वाद रंगला होता: रॉक जपानीत गाता येतं का? युया उचिदासारख्यांचा कल इंग्रजीकडे होता. जगभर पोचायचं तर तीच भाषा, असं त्यांचं म्हणणं. ‘हॅपी एंड’ हा बँड जपानीच्या बाजूनं उभा होता. कियोशिरोनं यात भाषणं केली नाहीत, गाऊनच उत्तर दिलं. चढा, थोडा नाकातला आवाज, ओटिस रेडिंगच्या सोल संगीतावर जडलेला जीव आणि एकेक अक्षर सुटं करून टाकण्याची पद्धत, असं ते गाणं. नाट्यगीतात शब्द ऐकू आला नाही तर नाराज होणाऱ्या श्रोत्याला हा माणूस लगेच आवडावा. पुढे त्याला जे भोगावं लागलं त्याचं मूळही याच सवयीत आहे. तो काय म्हणतोय ते सगळ्यांना कळत होतं.

दुसरी शिफारस ‘स्लो बॅलड’, १९७६ची. शहराच्या क्रीडामैदानाशी उभी केलेली गाडी, रात्र, आत दोघं आणि रेडिओवर संथ चालीचं गाणं. हे ज्या ‘सिंगल मॅन’ अल्बममध्ये आहे, त्यात अमेरिकेतल्या ‘टॉवर ऑफ पॉवर’ या बँडच्या वादकांनी ट्रम्पेट-सॅक्सोफोनची साथ दिली आहे. अल्बम चालला नाही आणि लवकरच बाजारातून गेला. तो पुन्हा निघावा म्हणून चाहत्यांनी आणि जाणकारांनी लकडा लावला, आणि काही वर्षांनी तो परत आला. शेवटच्या भागात कियोशिरोचा आवाज ज्या पद्धतीनं फाटतो, तसं जपानी रॉकमध्ये दुसऱ्या कुणी केलेलं क्वचितच ऐकू येतं.

मग १९८०. गिटारवादक रेइची नाकाइदो, म्हणजे चाबो, आता सोबत होता. अकूस्टिक तिघांच्या जागी विजेच्या गिटारी, रंगवलेले चेहरे आणि उभारलेले केस आले. ‘आमेआगारि नो योझोरा नि’ (पाऊस उघडल्यावरच्या रात्रीच्या आकाशाखाली) हे दोघांनी मिळून लिहिलेलं गाणं पावसात बंद पडलेल्या गाडीचं आहे. निदान वरवर तरी! गाडीला उद्देशून केलेली विनवणी दुसऱ्याच कुणाला लागू पडते, हे समजल्यावर सभागृहात जो हशा पिकतो तो मुळातून ऐकण्यासारखा. त्यासाठी त्याच वर्षी कुबो कोदो सभागृहात ध्वनिमुद्रित झालेला ‘राप्सोडी’ हा अल्बम काढावा. ‘ट्रान्झिस्टर रेडिओ’ही १९८०चंच: तास चुकवून शाळेच्या गच्चीवर परदेशी गाणी ऐकणारा मुलगा. सर आणि हा मुलगा एकाच इमारतीत, दोन मजल्यांवर बसलेत असं वाटतं.

१९८२मध्ये र्यूइची साकामोतोबरोबर केलेलं ‘इकेनाइ रूज मॅजिक’ शिसेइदो या प्रसाधन कंपनीच्या जाहिरातीसाठी होतं आणि विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गंमत म्हणून एकदा ऐकावं, पुढे जावं.

आता १९८८. चेर्नोबिलला दोन वर्षं झाली होती आणि जपानमध्ये अणुऊर्जेवरचा वाद तापला होता. आरसी सक्सेशननं ‘कव्हर्स’ नावाचा अल्बम तयार केला. त्यात जुनी परदेशी गाणी होती, पण शब्द नवे आणि जपानी. एल्व्हिस प्रेस्लीचं ‘लव्ह मी टेंडर’ आणि एडी कॉक्रनचं ‘समरटाइम ब्लूज’ यांत अणुभट्ट्यांवर सरळ टीका होती. अडचण अशी की तबकड्या काढणारी कंपनी होती तोशिबा-ईएमआय, आणि तोशिबा अणुभट्ट्या बांधत असे. २२ जूनला कंपनीनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली: हा अल्बम फारच सुंदर असल्यामुळे प्रकाशित करता येत नाही, अशा आशयाची. नकाराचं इतकं सभ्य वाक्य कुठल्याही सेन्सॉरला सुचलं नसतं. १५ ऑगस्टला किटी रेकॉर्ड्सनं तो बाजारात आणला आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. हीच टीका इंग्रजीत गायली असती तर बहुधा कुणी हूं की चूं केलं नसतं.

या अल्बममध्ये एन्का या पारंपरिक वळणाच्या गायकीतली फुयुमी साकामोतोही गायली आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. रागाच्या अल्बमातही त्यानं मैफल जमवली होती.

राग मात्र शमला नव्हता. लगेच ‘टाइमर्स’ आले: डोक्यावर बांधकाम मजुरांची हेल्मेटं, तोंडावर फडकी, आणि पुढे कियोशिरोसारखाच दिसणारा झेरी नावाचा गायक! १३ ऑक्टोबर १९८९ला फुजी टीव्हीच्या थेट कार्यक्रमात त्यांनी ठरलेलं गाणं बाजूला ठेवून, आपली गाणी न वाजवणाऱ्या एफएम तोक्यो या रेडिओ केंद्राची नाव घेऊन, शिव्यांसकट खरडपट्टी काढली. निवेदकाला प्रेक्षकांची माफी मागावी लागली. टाइमर्समध्ये टवाळी भरपूर आहे आणि ती सगळीच टिकाऊ नाही.

टिकलं ते ‘डेड्रीम बिलीव्हर’. मूळ गाणं १९६७चं, ‘द मंकीज’चं. झेरीनं त्याला जपानी शब्द दिले. कियोशिरो तीन वर्षांचा असताना त्याची जन्मदाती आई वारली होती आणि मावशीनं व तिच्या नवऱ्यानं त्याला वाढवलं. हे सगळं नीट कळलं ते दोघं गेल्यानंतर. हसऱ्या चालीच्या या गाण्यात दिसणारी, आता नसलेली बाई म्हणजे ही आईच, असं मानलं जातं. पुढे हेच गाणं सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांच्या जाहिरातीत वाजू लागलं. ज्याला एके काळी केंद्रांनी दार लावलं तो घरोघरी पोचला, भाताचे गोळे आणि कॉफी विकत.

१९९९मध्ये ‘किमिगायो’ला कायद्यानं राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी कियोशिरोनं ते पंक चालीत गायलं. शब्दांना धक्का न लावता. पॉलिडॉर या कंपनीनं अल्बम काढायला नकार दिला, म्हणून तो स्वतंत्र लेबलवरून आला. ऐकायला ते फार मोठं गाणं नाही. पण बिनचूक शब्द गाणाऱ्यालाही अडवता येतं, हे त्यातून दिसलं.

जुलै २००६मध्ये घशाचा कर्करोग निघाला. आवाज जाईल अशी शस्त्रक्रिया त्यानं नाकारली. त्याच वर्षी आलेला ‘युमे सुके’ हा अल्बम नॅशव्हिलमध्ये स्टीव्ह क्रॉपरबरोबर केलेला आहे, म्हणजे ओटिस रेडिंगच्या तबकड्यांवर ज्याची गिटार वाजली त्याच माणसाबरोबर. १० फेब्रुवारी २००८ला बुदोकान सभागृहातल्या कार्यक्रमात सुरुवातीला पडद्यावर त्याचेच फोटो एकामागून एक आले: उपचारांत टक्कल पडलेल्या डोक्यावर केस हळूहळू वाढतायत. मग तो स्वतः रंगमंचावर आला. २ मे २००९ला, ५८व्या वर्षी तो गेला. आठवड्यानं आओयामाच्या अंत्यसभागृहात ४० हजारांहून अधिक लोक रांगेत उभे होते.

ऐकायचा क्रम विचाराल तर ‘राप्सोडी’ आधी, मग ‘सिंगल मॅन’, ‘कव्हर्स’ तिसरा. बुदोकानचं ध्वनिमुद्रण त्यानंतर. पावसात बंद पडलेली ती गाडी तिथे ५६ वर्षांचा माणूस चालू करायला बघतोय, आणि सभागृह हसत, ओरडत त्याला धक्का देतंय.