सायलेन्सर बदलताना नेमकं काय फेकून देताय?

कुरुंदवाडहून बोलतोय. आजचा विषय आपल्या बाईकचा धूर.

हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो की आपण लगेच म्हणतो, "काय धूर सोडतोय राव!" तो डिझेलचा काळा धूर दिसतो तरी. पेट्रोलच्या गाडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही, पण तो विषारीच. सोबत न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं. बीएस-५ गाळून थेट चारवरून सहावर उडी. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. दुचाकीचा कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. आणि धुराच्या वाटेवर शेवटचा पहारेकरी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ थर. जाळी तापली की तिच्यावरून जाणाऱ्या विषारी वायूंचं बरंचसं कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधा नायट्रोजन होतं.

आता मुद्दा. हा कन्व्हर्टर काही मॉडेलांत बेंड पाइपमध्ये असतो, काहींत थेट सायलेन्सरच्या आत. तुम्ही 'फटाके' फोडणारा सायलेन्सर बसवता, तेव्हा आवाज वाढतो हे सगळ्यांना कळतं. पण जुन्या सायलेन्सरबरोबर कन्व्हर्टरही निघाला, तर ते कुणालाच ऐकू येत नाही. शाळा सुटताना गर्दीत गाडी रेस केली की ती हवा थेट पोरांच्या नाकात.

कायदाही कडक आहे. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग करायचं काय? सायलेन्सरला हात लावण्याआधी मेकॅनिकला एकच विचारा: "माझ्या गाडीत कन्व्हर्टर कुठं आहे?" आधीच बदललाय? मूळ सायलेन्सर माळ्यावर पडला असेल, तर परत बसवा. गाडी जुनी, कार्ब्युरेटरची आहे? एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर बघा, ट्युनिंग करा. आणि पीयूसी गाडी नेऊन काढा, नुसती चिठ्ठी नको.

नाद करायचाच तर गाडी नीट ठेवायचा करा. ग्रुपमधल्या त्या फटाकेवाल्या मित्राला हा एपिसोड नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!